धोटा गो, धोटा कम

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका मराठी शाळेत मी आठवीला इंग्रजी शिकवतो. निम्मी पोरं घरी तेलुगू बोलतात, शाळेत मराठी, गल्लीत थोडं कन्नडही. भाषांची भीती अशी त्यांना नाहीच. पण इंग्रजीत बोला म्हटलं की माना खाली.

म्हणून यूट्यूबवरचे व्हिडिओ लावायला लागलो. वेग ०.७५ वर ठेवायचा, एक वाक्य झालं की थांबवायचं, पोरांनी मागोमाग म्हणायचं. महिनाभरात वर्ग पोपटासारखा बोलू लागला. अगदी पोपटासारखाच. 'व्हॉट डज युवर फादर डू?' विचारलं की व्हिडिओतलंच उत्तर यायचं, 'माय फादर इज अ पायलट.' चाळीस जणांचं, एका सुरात!

त्या दिवशी 'डब्ल्यू' आणि 'व्ही'च्या उच्चारांचा व्हिडिओ होता. आपल्या 'व'मध्ये दोन्ही खपून जातात. दुसऱ्याच मिनिटाला ब्लूटूथ स्पीकरने मान टाकली. पडद्यावर शिकवणाऱ्या बाईंचे नुसते ओठ हलत राहिले. मी चार्जर शोधतोय, तोवर मागून आवाज आला, "सर, आधी शिट्टी मारल्यासारखं करायलीय, मग खालचा ओठ चावायलीय." आवाज चालू होता तेव्हा हे कुणी पाहिलंच नव्हतं. खरं सांगायचं तर मीही नाही.

चार्जर राहू दिला. फळ्यावर 'वीव्हर' हा शब्द इंग्रजीत लिहिला. विणकर. शिट्टीही त्यातच, चावाही त्यातच.

तिसऱ्या बाकावर एक मुलगी बसायची, वर्षभर हजेरीपुरतंच तोंड उघडणारी. ती उठली. ओठांचा चंबू, मग दात ओठावर. "माय फादर इज अ वीव्हर." आणि बसलीच नाही. "टॉवेल मेकिंग. नाइट ड्यूटी. थ्रेड ब्रेक, मशीन स्टॉप, ही टाय अगेन." व्याकरणाचा पार चुराडा. चुका दुरुस्त करायला शिवशिवणारा हात मी खिशात घातला. "धोटा गो, धोटा कम, धोटा गो..." मागावर आडवा धागा घेऊन धावणाऱ्या त्या धोट्यापाशी ती अडली.

"सर, धोट्याला इंग्लिशमध्ये काय म्हणतात?"

"शटल."

"ते तर बॅडमिंटनचं!"

धोट्यासारखं इकडून तिकडं जातं, म्हणूनच त्या फुलाला ते नाव पडलं, असं मी सांगितलं. तिनं क्षणभर विचार केला.

"मग ते आमच्याच कारखान्यातलं की, सर."