पडलेल्या पेशंटला आधी विचारा! चवथीच्या सुट्टीत घेतलेला एक इंटरव्ह्यू

सुट्टीवर गोव्यात आलं की मला भेटायला दोन प्रकारची माणसं येतात. तिकडे इंग्लंडात थंडी किती पडते विचारणारी, आणि ज्यांच्या घरात कुणीतरी नर्सिंग केलंय अशी. यंदा चवथीला दुसरा प्रकार घरातच निघाला. माझी मावसबहीण, घरात तिला सगळे बायच म्हणतात, बीएस्सी नर्सिंग करून म्हापशाला एका प्रायव्हेट हॉस्पिटलात लागलीय. ओईटी म्हणजे इंग्रजीची परीक्षा झाली, सीबीटी म्हणजे नर्सिंगची कॉम्प्युटरवरची परीक्षा झाली आणि आता इंग्लंडच्या एका एनएचएस ट्रस्टचा, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेतल्या हॉस्पिटलांचा, ऑनलाइन इंटरव्ह्यू ठरलाय. पोरगी अर्धी झालीय टेन्शननं, नेवरीसुद्धा धड खाईना. कारण खरं बघितलं तर हा तिच्या आयुष्यातला पहिलाच इंटरव्ह्यू. म्हापशाला इंटरव्ह्यू असा झालाच नव्हता, मेट्रननं सर्टिफिकेटं चाळली, नाईट करशील ना विचारलं आणि सोमवारपासून ये म्हणाली.

मी तिकडे मिडलंड्समधल्या एका हॉस्पिटलात मेडिकल वॉर्डवर आहे, आणि हल्ली मलाही अधूनमधून इंटरव्ह्यूच्या पॅनेलवर बसवतात. म्हणजे टेबलाच्या पलीकडून काय दिसतं ते थोडंफार ठाऊक झालंय. म्हणून हे सविस्तर लिहितेय, डिचोली-साखळी-पेडण्याकडच्या मुली मेसेज करून तेच तेच विचारत असतात, एकदाच सगळं सांगून टाकते.

बायची तयारी बघून मी चाटच पडले. यूट्यूबवरून उतरवलेल्या प्रश्नोत्तरांची जाडजूड फाईल, वर हायलायटर, आणि सिक्स सीज तोंडपाठ. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, केअर, कंपॅशन, कॉम्पिटन्स, कम्युनिकेशन, करेज, कमिटमेंट, ही सहा मूल्यं इंग्लंडनं २०१२ मध्ये नर्सिंगसाठी काढली आणि तेव्हापासून प्रत्येक इंटरव्ह्यूत ती कुठून ना कुठून येतातच. बायनं ती आरतीच्या वेगानं म्हणून दाखवली, एक श्वास, सहाच्या सहा. मी म्हटलं छान, आता ह्यातलं करेज तू गेल्या महिन्यात वॉर्डवर कधी दाखवलंस ते सांग. गप्प.

मग मी ठरवलं की फाईल बंद. माटोळीखालून सगळे जेवून उठले, पुरुष मंडळी पत्ते घेऊन बसली, आणि आम्ही मागच्या सोप्यावर लॅपटॉप मांडला. पहिला प्रश्न मी तोच दिला जो हमखास येतो: वॉर्डमध्ये तू राउंडला गेलीस आणि पेशंट बेडशेजारी जमिनीवर पडलेला दिसला, काय करशील? प्रश्न खरा वाटावा म्हणून मावशी स्वतःहून पेशंट व्हायला तयार झाली आणि चटईवर आडवी झाली, एकदम हौशी.

बायनं सुरुवात केली. डॉक्टरला फोन करीन, बीपी घेईन, इन्सिडेंट रिपोर्ट भरीन, नातेवाइकांना कळवीन. इंग्रजी चांगलं, एकही चूक नाही. आणि मध्येच खालून आवाज आला, "आगो, पयलीं म्हाका विचार गो, खंय लागलां तें!"

मी अक्षरशः टाळ्या वाजवल्या. मावशी सातवी शिकलेली, पण पॅनेलला जे पाहिजे ते तिनं एका वाक्यात सांगितलं. बाय म्हणाली, "ताई, ते तर मी विचारतेच ना, ते काय सांगायचं?"

इथेच आपल्या मुलींचे मार्क जातात. ज्ञान कमी पडतं म्हणून नाही. पॅनेलच्या हातात प्रत्येक प्रश्नाचा कागद असतो, त्यावर अपेक्षित मुद्दे लिहिलेले असतात आणि तुम्ही जो मुद्दा तोंडानं बोललात त्याचेच मार्क, तुम्ही मनात काय धरलं होतं ते आम्हाला दिसत नाही आणि दिसलं तरी लिहिता येत नाही. ह्या प्रश्नाचे मुद्दे असे: पेशंटशी बोलले, घाबरू नका मी इथेच आहे म्हटलं, आजूबाजूला पाणी सांडलंय का बघितलं, हलवलं नाही, मदतीला हाक मारली, श्वास-नाडी-शुद्ध क्रमानं बघितली, डोकं आपटलंय का आणि रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का ते तपासलं, दुखतंय कुठे विचारलं, हाड मोडल्याची शंका असेल तर ओढून उठवलं नाही, मग डॉक्टर, मग घरचे, मग रिपोर्ट, आणि शेवटी हा माणूस परत पडू नये म्हणून केअर प्लॅन बदलला. एवढं सगळं बाय रोज करते! पण उत्तरात ती थेट डॉक्टरवर उडी मारते, कारण मधलं सगळं तिला सांगण्यासारखं वाटतच नाही.

आपल्याकडे कामाची पद्धतच तशी आहे. एका सिस्टरच्या अंगावर अर्धा वॉर्ड, बोलायला वेळ कुणाला, हात चालत राहतात. आणि केलेलं बोलून दाखवणं म्हणजे मिरवणं असं घरातून शिकवलेलं. तिकडे गेल्यावर ओस्की म्हणजे काम करून दाखवायची परीक्षा असते, दहा स्टेशनं म्हणजे दहा टप्पे, तिथेही हेच. हात धुतले तर धुते म्हणून सांगायचं, पेशंटचं नाव आणि जन्मतारीख विचारायची, हातातला पट्टा वाचायचा, परवानगी घ्यायची. मी गेले तेव्हा मला हे नाटक वाटायचं. आता वाटत नाही, कारण पेशंटला खरंच बरं वाटतं कुणी सांगून हात लावला तर.

दुसरा प्रश्न, पेशंट बिघडतोय, काय करशील? इथे न्यूज टू, म्हणजे पेशंट किती बिघडलाय ते आकड्यात सांगणारा स्कोअर, यायलाच हवा. २०१२ मध्ये तिथल्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं हा स्कोअर आणला आणि २०१७ मध्ये सुधारला. श्वास, ऑक्सिजन, बीपी, नाडी, शुद्ध, ताप ह्या प्रत्येकाला मार्क, पेशंटला ऑक्सिजन लावलेला असेल तर त्याचे वेगळे, बेरीज ५ झाली की तातडी, ७ झाली की इमर्जन्सी. नुसतं "मी न्यूज स्कोअर काढीन" म्हणू नका, आकडे घेऊन बोला. मी बायकडून फोनवर डॉक्टरला सांगतेय असं करून घेतलं, एसबार पद्धतीनं, म्हणजे आत्ता काय झालंय, मागचं काय, मला काय वाटतं, मला तुमच्याकडून काय पाहिजे. चौथ्या प्रयत्नाला की कितव्या तरी, ते असं जमलं: "मी अमुक वॉर्डची नर्स, बेड चारच्या आजोबांबद्दल बोलतेय, न्यूज आठ झालाय, दोन तासांपूर्वी तीन होता. काल न्यूमोनियासाठी ॲडमिट झालेत. श्वास २४, ऑक्सिजन ९३, नाडी ११२, बीपी वरचं १०८, ताप ३८.४. मला सेप्सिसची शंका येतेय. तुम्ही आत्ता येऊन बघावं, तोवर मी ब्लड कल्चरची तयारी करू का?"

सेप्सिस म्हणजे जंतुसंसर्गानं अख्खं शरीर बिघडणं. "मला शंका येतेय" हे म्हणताना तिचा आवाज प्रत्येक वेळी खाली जायचा. नर्सनं डॉक्टरला मत सांगायचं, तेही न विचारता, हे तिच्या म्हापशाच्या सवयीत बसतच नाही. हे वाक्य मी तिला घरभर फिरत म्हणायला लावलं. काकांनी पत्ते टाकून विचारलं, हिला कसली शंका येतेय एवढी.

काकांचं निघालं म्हणून, त्यांचंही एक मत होतं. "त्यांना सांग गो, आमच्याकडे मेडिकल स्कूल १८४२ पासून आहे, त्यांची एनएचएस १९४८ ची!" आता बांबोळीच्या जीएमसीचं, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं, मूळ खरंच त्या पोर्तुगीज काळातल्या स्कूलात आहे, आणि एनएचएस ५ जुलै १९४८ लाच सुरू झाली, काका चुकत नाहीत. पण त्याला मार्क नाहीत काका.

"स्वतःबद्दल सांगा" ह्या प्रश्नालाही लोक असंच भलतीकडे जातात. वडील काय करतात, भावंडं किती, छंद वाचन. काही नको. किती बेडचा वॉर्ड, कसले पेशंट, एका शिफ्टला तुझ्याकडे किती, आयव्ही-कॅथेटर-ड्रेसिंग काय काय हातानं करतेस, आणि ह्या हॉस्पिटलात का यायचंय. दीड-दोन मिनिटं पुरे. ट्रस्टची वेबसाइट उघडून त्यांची मूल्यं वाचून जा, प्रत्येकाची वेगळी असतात आणि विचारतातच.

सगळ्यात अवघड गेला तो औषधाच्या चुकीचा प्रश्न. चुकीचा डोस दिला गेला, काय करशील? फाईलमधलं उत्तर होतं की मी नेहमी काळजी घेते त्यामुळे माझ्याकडून चूक होत नाही. बाई गं, हे उत्तर आलं की पॅनेलचे चेहरे मी बघितलेत! ह्यामागे मोठी गोष्ट आहे. मिड स्टॅफर्डशायरच्या हॉस्पिटलात पेशंटचे फार हाल झाले होते, तक्रारी दाबल्या गेल्या, शेवटी चौकशी बसली आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये रॉबर्ट फ्रान्सिस ह्यांचा रिपोर्ट आला. त्यानंतर २०१४ मध्ये ड्यूटी ऑफ कँडर कायद्यात आली, म्हणजे पेशंटला इजा करणारी चूक झाली तर हॉस्पिटलनं त्याला खरं सांगायचं आणि माफी मागायची, हे बंधनकारक. त्यामुळे "चूक होत नाही" म्हणणारी नर्स त्यांना धोक्याची वाटते. आधी पेशंट बघा, व्हायटल्स घ्या, इन्चार्जला आणि डॉक्टरला सांगा, पेशंटला स्वतः खरं सांगा, रिपोर्ट भरा, आणि पुढे हे टळावं म्हणून काय शिकलात ते बोला. आपल्याकडे वाढलेल्या मुलीला "पेशंटला खरं सांगा" हा मुद्दा सुचतच नाही, दोष तिचा नाही, सांगितलं तर काय होईल ह्याची भीती आपल्याकडे खरी आहे.

आणि मग उदाहरणं. "एखादा प्रसंग सांगा" म्हटलं की बायचं डोकं रिकामं, माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच नाही म्हणते. खोदत बसले तेव्हा ट्रेनिंगमधली वाळपईची पोस्टिंग निघाली. काजूच्या दिवसांत एक आजोबा ताप घेऊन आले होते, गोळ्या द्या, बागायतीत काम पडलंय, जातो म्हणत होते. हिनं सहज गप्पा मारता मारता विचारलं बागायत कुठे, तर म्हणाले रानाला लागून, परवा तिथे माकड मेलेलं दिसलं. हिनं लगेच डॉक्टरांना सांगितलं. वाळपईच्या सत्तरी तालुक्यात २०१५ मध्ये पाळी गावात गोचिडींतून पसरणाऱ्या माकडतापाचे पेशंट सापडले तेव्हापासून तिकडच्या माणसांना गोचिडींची धास्ती ठाऊक आहे. डॉक्टरांनी रक्त पाठवलं, आणि आजोबांना थांबायला पटवायचं कामही हिच्यावरच आलं, तिनं त्यांच्या मुलाला फोन लावून काजू गोळा करायची सोय करायला लावली तेव्हा कुठे म्हातारा बेडवर बसला.

म्हटलं अगो, ह्यात करेज आहे, कम्युनिकेशन आहे, पेशंटची बाजू घेणं आहे, अजून काय पाहिजे? तर म्हणे, "ते काय ताई, तिकडच्या सगळ्याच नर्स विचारतात." परत तेच! विचारतात ना, मग सांग की. परिस्थिती काय होती, तुझं काम काय होतं, तू काय केलंस, शेवटी काय झालं, ह्या क्रमानं बसव, झालं उत्तर. अशी तीन-चार तुमच्या हातातली उदाहरणं तयार असली तर निम्मे प्रश्न त्यातच भागतात, इंटरनेटवरची उसनी उदाहरणं वापरू नका, पॅनेलनं एक उलटा प्रश्न टाकला की ती फुटतात.

काही बारीकसारीक गोष्टी. तुम्ही बोलत असताना पॅनेल मान खाली घालून लिहीत असतं, ते नाराज नसतात, मार्क देत असतात. "लव्हली", "ब्रिलियंट" म्हणाले म्हणून हुरळूनही जाऊ नका, ते चहा दिला तरी ब्रिलियंट म्हणतात. उच्चार कळले नाहीत तर प्रश्न परत विचारा, त्याचा मार्क कापत नाहीत, पण न कळलेल्या प्रश्नाला ठोकून उत्तर दिलं तर मात्र गेलं. शेवटी तुम्हाला काही विचारायचंय का म्हणतात तेव्हा नो थँक्यू म्हणू नका, ओस्कीची तयारी कशी करून घेता, नवीन नर्सला प्रिसेप्टरशिप, म्हणजे अनुभवी नर्सच्या हाताखाली शिकणं, किती महिने असते, हे विचारा, तुमच्याच कामाचं आहे.

आणि पैसे. म्हापशा-मडगावात कुणी एजंट इंटरव्ह्यू लावून देतो म्हणून पैसे मागत असेल तर तिथूनच परत फिरा. ब्रिटिश सरकारच्या भरतीच्या नियमावलीप्रमाणे नोकरी लावून देण्याचे पैसे उमेदवाराकडून घ्यायचे नसतात. इंग्रजीच्या परीक्षेची, सीबीटीची फी वेगळी, ती आपली आपण भरतो. हल्ली तिकडे बाहेरून नर्स घेणं बरंच कमी झालंय, त्यामुळे एजंटांची भाषा जास्त गोड झालीय एवढं लक्षात ठेवा.

बायचा इंटरव्ह्यू तिकडच्या सकाळी दहाचा आहे, सध्या उन्हाळी वेळ चालू असल्यानं आपले दुपारचे अडीच. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळं एक तास मागे जातात, मग तोच दहाचा कॉल आपल्याकडे साडेतीनला येतो, तेव्हा त्या सुमाराला ज्यांचा इंटरव्ह्यू आहे त्यांनी ईमेलमध्ये भारतीय वेळ लिहूनच मागून घ्या. लाईटचा भरवसा नाही म्हणून मोबाईलचा हॉटस्पॉट तयार ठेवलाय, इन्व्हर्टरवर फ्रीज लावायचा नाही असं काकांना बजावून ठेवलंय.