रिकामा दवाखाना, बंद परमिट रूम आणि हिवाळ्याचं ऊन

हिवाळ्याचा मोसम सरत आला, म्हणून सगळी नोंद एकदमच टाकतो. सोडून दिलेल्या जागांचे फोटो काढायला यंदा फार भटकलो नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या दोनच जागांवर ठाण मांडलं: एका गावचा जुना सरकारी दवाखाना, आणि हायवेलगतचा, खाली परमिट रूम नि वर लॉजिंग असलेला बंद बार. गावांची नावं विचारू नका. दवाखान्याच्या दोन खोल्यांना अजून सागवानी चौकटी आहेत. इकडे चौकट जायला एक रात्र आणि एक ट्रॅक्टर पुरतो.

आतापर्यंत मी पडझडीच्या मागे होतो. सोललेला चुना, भिंतीतून निघालेला पिंपळ वगैरे. असे फोटो छानच येतात, पण ते कुठलेही असू शकतात, अगदी युरोपातलेसुद्धा. यंदा ठरवलं की जागा रिकामी का झाली, ते फोटोत दिसलं पाहिजे.

बारचं कारण सरळ आहे. १ एप्रिल २०१५ पासून जिल्ह्यात दारूबंदी आली. शेजारचे वर्धा आणि गडचिरोली आधीपासूनच कोरडे, म्हणजे गिऱ्हाइकाला तिकडूनही वाट नाही. २०२१ मध्ये बंदी उठली तेव्हा बरेच बार परत सुरू झाले, हा झाला नाही. मालकानं तोवर कृषी केंद्र टाकलं होतं आणि त्यात त्याचं बरं चाललं होतं. आत बघण्यासारखं म्हणाल तर जे नाही तेच. काउंटरचा ग्रॅनाइट नेलेला, भिंतीतल्या पाइपांतून तांब्याची वायर ओढून काढलेली, फ्रीज होता तिथे फरशीवर चौकोनी पांढरा डाग. ‘फॅमिली रूम’ची प्लायची पार्टिशनं मात्र तशीच, कारण भिजून फुगलेलं प्लाय कोण नेणार? एसीच्या भोकांत कबुतरं. मी डागाचा फोटो वरून, स्टूलवर उभं राहून घेतला. या मोसमातला माझ्या मते तोच सर्वांत चांगला फोटो, पण घरी कुणालाच आवडला नाही.

दवाखान्यात जास्त दिवस गेले, आणि सांगण्यासारखंही तिथलंच आहे.

शेजारी नवी इमारत झाली आणि दवाखाना तिकडे गेला. जुनी इमारत पाडायला कागद लागतात, दुरुस्तीला पैसा लागतो, म्हणून ती तशीच राहिली. विदर्भात ‘सोडलेली’ म्हणतो त्या बहुतेक जागांची हीच गत असते, आणि त्या खऱ्या अर्थानं रिकाम्या कधीच नसतात. इथे बाळंतिणींच्या खोलीत कपाशीच्या पऱ्हाट्या (वाळक्या काड्या) रचलेल्या, इंजेक्शनच्या खोलीत कुटार (भुसा), व्हरांड्यात दुपारी बकऱ्या. फ्रेम ‘स्वच्छ’ करायला हे सामान हलवायचं नाही, हा माझा नियम. ज्याचं आहे त्याच्या वर्षभराच्या चुलीचं ते जळण आहे.

परवानगी नव्या इमारतीतल्या डॉक्टरसाहेबांकडून तोंडी आणि ग्रामपंचायतीकडून लेखी घेतली होती. तरी ट्रायपॉड बघून बकऱ्यावाले काका आलेच. त्यांना आम्ही बांधकाम खात्याचे वाटलो.

“काहून भाऊ, पाडतेत का आता?”

“नाही काका, फोटो काढतो फक्त.”

“मंग काढा. पण माह्या पऱ्हाट्या दाखवू नोका कोनाले.”

मग त्यांनीच फिरून खोल्या सांगितल्या: इथे केसपेपर मिळायचा, इथे मलमपट्टी, ही औषधाची खिडकी. हा नकाशा मला कुठल्या कार्यालयात मिळाला नसता. पऱ्हाट्यांचा फोटो काढला नाही, त्यामुळे ती खोली मालिकेत नाही.

आता कामाची गोष्ट. टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून, उजेड पृष्ठभागावरून सरपटत जाईल असा धरा. समोरून बघितलं तर नुसता पांढरा चुना. बाजूच्या उजेडात मात्र जुन्या रंगाच्या कडा वर येतात. व्हरांड्याच्या भिंतीवर असा आधी कुटुंब नियोजनाचा उलटा त्रिकोण उमटला, आणि त्याच्या खालच्या थरात ‘देवी’ ही अक्षरं, पुढे शून्यं. देवीच्या रोगाचा रुग्ण कळवणाऱ्याला सरकार बक्षीस द्यायचं; ती रक्कम शेवटी हजार रुपयांपर्यंत गेली होती. भारतातला शेवटचा रुग्ण मे १९७५ मधला, आणि १९७७ मध्ये देश देवीमुक्त जाहीर झाला. म्हणजे चुन्याच्या त्या थराचा काळ साधारण कळला. कॅमेरा ट्रायपॉडवर, आयएसओ १००, एफ ८, दहा सेकंदांचं एक्सपोजर, आणि तेवढ्यात टॉर्च सावकाश फिरवायचा. भिंत ओली करून अक्षरं काढण्याचा सल्ला कुणी देईल, तो ऐकू नका, चुना सुटतो.

खिडकीतलं ऊन आणि आतला अंधार एका फोटोत मावत नाहीत, म्हणून कमी-जास्त उजेडाचे पाच फोटो घेऊन जोडतो (यालाच एचडीआर म्हणतात), पण सावली काळीच राहू देतो. सगळं उजळलेला एचडीआर मला लग्नाच्या अल्बमसारखा वाटतो. दक्षिणेच्या खिडक्या असतील तर डिसेंबर-जानेवारी सोडू नका, सूर्य खाली असल्यानं ऊन खोलीच्या आतवर येतं. मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात इकडे सूर्य भर दुपारी डोक्यावर असतो, तेव्हा आत काहीच पोचत नाही, आणि बाहेर पंचेचाळीस डिग्री.

जिवाच्या गोष्टी थोडक्यात. वटवाघळांची विष्ठा साचलेल्या खोलीत एन-९५ मास्कशिवाय जायचं नाही, त्यातल्या बुरशीनं हिस्टोप्लाझ्मोसिस हा फुप्फुसाचा आजार होऊ शकतो. कुटारात हात घालायचा नाही, घोणस आणि मण्यार दोन्ही असतात. एक्सरेच्या खोलीला लोक उगाच घाबरतात; वीज नसेल तर ते यंत्र किरण सोडत नाही. भीती किरणोत्सारी स्रोताची, कॅन्सरच्या रेडिओथेरपीत वापरतात तसल्या. ब्राझीलमधल्या गोयानिया शहरात १९८७ मध्ये सोडून दिलेल्या क्लिनिकमधून भंगारासाठी नेलेल्या सिझियमनं चार जण गेले, आणि २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत भंगारात आलेल्या कोबाल्टनं एक. गावच्या दवाखान्यात असलं काही नसतं, पण सीलबंद जड धातूचा डबा दिसला तर हात न लावता कळवा.

पुढचा बेत चिखलदऱ्याचा. तिथल्या एका बंद हॉटेलच्या मालकाशी बोलणं झालंय. किल्ली मिळेल, पण पाऊस लागण्याआधी, आणि वरच्या मजल्याचा जिना कुजलाय म्हणून फक्त तळमजला. कुणाकडे वाइड लेन्स जास्तीची असेल तर आठवडाभरासाठी हवी आहे.