आखाड्यावरच्या लिंबाच्या फळ्या

वळवाच्या वाऱ्यात शेतातल्या आखाड्यावरचा जुना कडुलिंब उन्मळून पडला. सरपण करायला जीव धजेना. आज स्वतःच फळ्या पाडल्या.

आधी आडवा बँडसॉ, म्हणजे पट्टीसारख्या पात्याची यांत्रिक करवत, घ्यायचं मनात होतं. त्याचं पातं एका कापात दोन-अडीच मि.मी. लाकूड खातं, चेनसॉची (साखळी-करवतीची) चेन आठेक मि.मी. लाकडाचा भुसा करते. पण बँडसॉ म्हणजे आरागिरणीच, म्हणजे वनखात्याचा परवाना आला. वर्षाकाठी एखादं खोड कापणाऱ्याला कशाला एवढं? शेवटी चेनसॉला बसणारी, फळीची जाडी सारखी ठेवणारी चौकट घेतली. तीही वनखात्याच्या कार्यालयात विचारून. तुम्हीही विचाराच.

चेन मात्र उभ्या, म्हणजे खोडाच्या लांबीतल्या कापाची हवी, दात साधारण १० अंशांवर घासलेले. साध्या चेनीचे दात ३० अंशांचे असतात, आडव्या कापाला ठीक. लांबीत ती अडखळते, इंजिन तापतं. पहिल्या कापाला खोडावर ॲल्युमिनियमची शिडी बांधली. तो काप सरळ आला की पुढचे त्याच्याच आधाराने.

तिसऱ्या कापात कर्रकन आवाज. आत खिळा! आजोबा बैलाचं दावं अडकवायचे तो. पुढे साल वाढून झाकला गेलेला. चेनीचे चार दात गेले, पण खिळा काढून खिशात ठेवला.

आता फळ्यांच्या टोकांना ऑइलपेंट, मधे इंचाच्या पट्ट्या, सावलीत थप्पी. दोन इंची फळ्या वाळायला दोनेक वर्षं जातील. मग आईसाठी झोपाळा.