पाच टक्क्यांची पावती

आज कपाट आवरताना २०२० च्या एफडीची जुनी पावती हाताला लागली. व्याज पाच टक्के आणि वर चिमूटभर. त्या वर्षी महागाई सहा टक्क्यांच्या पुढे. म्हणजे काटकसर करून, भाजीवालीशी दोन रुपयांसाठी घासाघीस करून जे साठवलं, ते बँकेत बसल्या जागी झिजत होतं! रिझर्व्ह बँकेने मे २०२० मध्ये रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, ४ टक्क्यांवर आणला, तो मे २०२२ पर्यंत हलला नाही. कर्ज काढणाऱ्यांची चंगळ, आमच्यासारख्यांचे हाल.

धाकट्या दिरांनी तेव्हाच फ्लॅट घेतला. मुद्रांक शुल्क ५ वरून २ टक्के झालं होतं ना. "वहिनी, पैसा झोपवून काय ठेवताय?" असं वर ऐकवलंही. शेअर बाजाराचा निर्देशांक सेन्सेक्स मार्चमध्ये २६ हजारांखाली होता, पुढच्या जानेवारीत ५० हजारांवर. आम्ही नुसते बघत राहिलो. आजही थोडं टोचतं, खोटं कशाला बोलू.

पण यांचा पगार सात महिने निम्मा होता. कर्जाचे हप्ते पुढे ढकलायची सवलत आम्ही घेतली नाही, कारण व्याज चढतच होतं. आणि एप्रिल २०२१ मध्ये सासूबाईंना ॲडमिट करायचं, तर डिपॉझिट आधी भरा म्हणाले. तेव्हा या पावतीच्याच शेजारची एफडी मोडली, मोबाइलवरून, रात्री दीड वाजता.

पावती फाडणार होते. सासूबाई म्हणाल्या, "राहू दे गं." परत डब्यात ठेवली.