अण्णांची जांभई

अण्णा आमच्या सेंटरात डायलिसिसला येतात. त्यांचं ड्राय वेट, म्हणजे अंगात साठलेलं जादा पाणी काढल्यावरचं वजन, ५२ किलो. त्या दिवशी काट्यावर ५६.८ भरलं. मधे पुतण्याची हळद झालेली. मी विचारायच्या आतच म्हणाले, "पाणी मोजूनच प्यायलो, पोरी." असेलही. पण मठ्ठ्यातलं मीठ आणि पापड-कुरडया कोण मोजणार? खारट पोटात गेलं की तहान लागणारच. भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलंय, वाचतं कोण!

आमचा हिशेब असा, की किलोमागे तासाला १३ मिलीच्या वर पाणी ओढायचं नाही. अण्णांच्या वजनाला चार तासांत २.७ लिटर. उरलेलं दुसऱ्या दिवशी जादा बसवून काढू, असं मी म्हटलं. मुलगा भडकला. "सरकार पैसे भरतंय ना, मग अर्धंच का काढता?" उद्या परत आलं की त्याचा रोज बुडतो, ते मात्र बोलला नाही. डॉक्टरांना फोन लावला, ते ओपीडीत. "दम लागतोय ना? चार काढा." पेशंट न बघता आकडा सांगायला काय जातं!

चार लिटर लावले. बीपी पडू नये म्हणून डायलिसेटचं, म्हणजे मशीनमधल्या द्रावणाचं, तापमान ३५.५ वर आणलं. बीपीची गोळी डायलिसिसच्या सकाळी घेऊ नका असं बजावलेलं असूनही अण्णा घेऊन आले होते.

तिसरा तास संपता संपता त्यांनी जांभई दिली. बाहेरच्याला वाटेल झोप आली. आम्ही मात्र मशीनच्या अलार्मपेक्षा जांभईला जास्त घाबरतो, बीपी पडत असल्याची ती खूण असते. बीपीचा पट्टा फुगेपर्यंत पोटऱ्यांत गोळे आले, कपाळ घामानं डबडबलं. बीपी ७०/४०. पाणी ओढणं बंद केलं, पाय वर घेतले, सलाइन सोडलं. थोड्या वेळानं डोळे उघडून अण्णा म्हणाले, "चहा मिळंल का?"

ओढलेलं तीन लिटर, परत दिलेलं सलाइन ३०० मिली. म्हणजे निघालं २.७ लिटरच, आणि एवढा छळ करून.

सुया काढल्यावर फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिससाठी हातात शीर आणि धमनी जोडून केलेल्या जागेवर, बोट ठेवलं. थ्रिल, म्हणजे वाहत्या रक्ताची बोटाला लागणारी थरथर, मंद होता, पण होता. मागच्या खेपेला एसटीत रक्त आलं होतं म्हणून मुलानं माझ्या पट्टीवर आणखी एक पट्टी करकचून गुंडाळली. तासाभरात सोडा, असं मी सांगितलं. सकाळी त्याचा फोन आला, "सिस्टर, हातात काहीच लागत नाही."

सोलापूरला नेलं, पण फिस्टुला वाचला नाही. आता डायलिसिससाठी मानेत कॅथेटर, म्हणजे नळी, आहे.

डॉक्टर म्हणतात पट्टीनं गेला, मुलगा म्हणतो मशीननं. बीपी पडलं की रक्त मंदावतं आणि फिस्टुलात गुठळी होते. घट्ट पट्टीनंही होते. थ्रिल माझ्या बोटाला लागला होता, म्हणून माझं मन पट्टीकडे झुकतं. पण तो इतका मंद आधी कधीच नव्हता, हेही खरं. उजव्या हाताच्या शिरा तपासायच्यात. त्या बऱ्या निघाल्या तरी नवा फिस्टुला तयार व्हायला सहा-आठ आठवडे जातील, आणि तोवर कॅथेटरला जंतुसंसर्ग होऊ द्यायचा नाही. सध्या रोजची धास्ती तीच आहे.