कृष्णेची पातळी: ‘ताजी नोंद’ काढणाऱ्या क्वेरींची तुलना

पावसाळ्यात सांगलीत सकाळी पहिला प्रश्न एकच: आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी किती फूट? कऱ्हाड, बहे, ताकारी, भिलवडी, आयर्विन, अंकली इथल्या पाणीपातळीच्या जमवलेल्या नोंदी आता एसक्यूलाइट या डेटाबेसच्या एका टेबलात आल्यात. क्वेरीने, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाने, हवी आहे प्रत्येक ठिकाणची शेवटची नोंद. ठिकाणं बोटांवर मोजण्याएवढी, नोंदी ढिगानं. खरी मेख इथेच आहे.

इंडेक्स (टेबलाची क्रमवार लावलेली सूची) ‘ठिकाण, वेळ’ असा लावलाय. ग्रुप बायने (ठिकाणवार गट करून) प्रत्येक ठिकाणची कमाल वेळ काढली तर टेबलाला हात लागत नाही, पण इंडेक्स मात्र सगळा वाचला जातो. रो नंबरची विंडो, म्हणजे गटातल्या ओळींना क्रमांक देणारं फंक्शन (एसक्यूलाइट 3.25 पासून, म्हणजे 2018) वाचायला सर्वांत देखणी, पण एका ओळीसाठी आयर्विनच्या प्रत्येक ओळीला नंबर देत बसते.

जिंकली ती बदनाम कोरिलेटेड सबक्वेरी, म्हणजे बाहेरच्या प्रत्येक ओळीसाठी आत पुन्हा चालणारी क्वेरी. ठिकाणांच्या छोट्या टेबलावरून निघायचं आणि प्रत्येकासाठी आत ‘वेळ उलटी लाव, एकच घे’. बी-ट्रीत (इंडेक्स ज्या झाडासारख्या रचनेत असतो तिच्यात) एक उडी, टोकाची नोंद, काम खलास. टेबल दहापट झालं तरी तिला फारसं सोयरसुतक नाही. इंडेक्स काढून टाका, मग हीच सगळ्यात रडवते: दर ठिकाणाला अख्खं टेबल.

इंडेक्सचा क्रम ‘वेळ, ठिकाण’ केला तर? चालू ठिकाणांची नोंद शेवटाकडून लगेच सापडते. पण एखाद्या पुलावरच्या नोंदी बंद पडल्या असतील, तर तिथल्या शेवटच्या नोंदीच्या शोधात पार मागे जावं लागतं. असला सापळा चाचणीच्या स्वच्छ डेटात दिसत नाही.

जाता जाता आयर्विनच्या 2019 मधल्या 45 फुटांवरच्या, म्हणजे धोका पातळीपलीकडच्या नोंदीही काढल्या. वेळेच्या कॉलमवर एसटीआरएफटाइम (तारखेतून वर्ष वगैरे काढणारं फंक्शन) लावून वर्ष तपासलं, तर एक्सप्लेन क्वेरी प्लॅनमध्ये (क्वेरी कशी चालणार हे दाखवणाऱ्या आज्ञेत) इंडेक्समधलं फक्त ठिकाण वापरलेलं दिसतं. ‘1 जानेवारी 2019 पासून, 1 जानेवारी 2020 च्या आधी’ असं लिहिलं की वेळही वापरली जाते.

सेकंद मोजण्यावर माझा भरवसा कमी. दुसऱ्यांदा चालवलेली क्वेरी कॅशमुळे (आधी वाचलेलं मेमरीत असल्याने) पळते आणि आपण उगाच खूश होतो. प्लॅन आधी बघा.

पुढचा मुक्काम पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस: डिस्टिंक्ट ऑन (प्रत्येक गटातली पहिली ओळ घेणारं) विरुद्ध लॅटरल (प्रत्येक ओळीसाठी आतली क्वेरी चालवणारं). मायएसक्यूएलही बघायचंय, कारण तिथे लूज इंडेक्स स्कॅन आहे, म्हणजे ग्रुप बाय स्वतःच इंडेक्समध्ये उड्या मारू शकतो.