मॉन्टिसेलोच्या टेकडीवरची घंटा

मॉन्टिसेलो म्हणजे अमेरिकेचा तिसरा राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन याचं घर. पुढच्या दालनात शिरलं की दारावर घड्याळ दिसतं. वजन म्हणून तोफेचे गोळे लोंबतात, बाजूला भिंतीवर वारांची नावं. गोळा उतरेल तसा वार कळतो. भिंत अपुरी पडली, म्हणून जमिनीला भोक पाडून शनिवार तळघरात नेला. याच घड्याळाला जोडलेली चिनी घंटा छपरावर आहे. तिचे टोल शेतात राबणाऱ्या त्याच्या गुलामांसाठी होते.

व्हर्जिनियातल्या या घरी मी आले ती जेफरसनच्या एका पत्रामुळे. २२ एप्रिल १८२०चं. मिसुरीला गुलामगिरीसकट राज्य म्हणून घ्यायचं का, यावरून अमेरिकेची संसद, म्हणजे काँग्रेस, पेटली होती. गुलामगिरीवाली राज्यं अकरा, बाकीची अकरा. अखेर गुलामगिरी नसलेलं मेन हे राज्य जोडीला घेऊन तोल सांभाळला, आणि पश्चिमेकडच्या उरलेल्या मुलखात ३६ अंश ३० मिनिटे उत्तर अक्षांशावर रेघ ओढली, तिच्या वर गुलामगिरीला बंदी. सत्त्याहत्तर वर्षांच्या जेफरसनने लिहिलं, की रात्री आगीची घंटा व्हावी तसा हा प्रश्न आला, मी भीतीने जागा झालो. ही संघराज्याची मृत्युघंटाच वाटली.

गुलामगिरी म्हणजे लांडगा, आणि त्याचा कान आपल्या हातात आहे, असंही तो लिहितो. धरून ठेवता येत नाही, सोडणं धोक्याचं. आपण म्हणतो, धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. जेफरसनला भीती होती सोडल्यावर चावण्याची. मला हे वाक्य सहन होत नाही. घराला लागूनच मल्बेरी रो आहे, गुलामांच्या खोपट्यांची आणि कारखान्यांची गल्ली. तिथल्या खिळ्यांच्या कारखान्यात दहा ते सोळा वर्षांची मुलं दिवसभर घण मारायची. लांडगे कसले!

त्यातलाच जोसेफ फॉसेट पुढे मुख्य लोहार झाला. जेफरसनच्या मृत्युपत्राने त्याला मुक्त केलं, बायको एडिथ आणि मुलांना नाही. जानेवारी १८२७मध्ये, कर्ज फेडायला, १३० माणसांचा लिलाव पुकारला गेला. एडिथ आणि मुलं वेगवेगळ्या गिऱ्हाइकांकडे गेली. त्यांचा मुलगा पीटर अकरा वर्षांचा होता. पुढे तो सिनसिनाटीत पाद्री झाला आणि १९००मध्ये, म्हातारपणी, एकदा इथे येऊन गेला. संघराज्य फुटेल म्हणून झोप उडालेल्या माणसाच्या घरातून ही घरं फुटली, ती १८६१च्या यादवी युद्धात देश फुटण्याच्या चौतीस वर्षं आधी.

परतताना शटल बस सोडली आणि झाडीतून चालत उतरले. वाटेत जेफरसनची समाधी लागते, उंच दगडी स्तंभाची. खाली वाहनतळाजवळ गुलामांची दफनभूमी आहे. चाळीसहून जास्त कबरी. काहींच्या उशाशी नुसता ओबडधोबड दगड आहे, त्यावर नाव नाही.